आई येईपर्यंतची खाट

मी एक जुनी खाट आहे. बुटकी, रुंदीला बेताची आणि लांबीला इतकीच की मोठं माणूस माझ्यावर आडवं झालं तर त्याचे पाय गुडघ्यापासून बाहेर लोंबतील. माझा रंग मूळचा निळा. आता तो कडेकडेला निळा उरलाय आणि मधे कसलाच नाही. एका पाळणाघराच्या आतल्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दाराला लागून, फाटक दिसेल अशा खिडकीखाली माझी जागा आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी कितीतरी जण लहानपणी माझ्यासारख्या एखाद्या खाटेवर पडून रडले असतील. तुम्हाला ते आठवणार नाही, म्हणून मीच सांगते.

पाळणाघर चालवणाऱ्या ताईंचा थोरला भाऊ सुतार. त्याच्याकडे एका मोडीत काढलेल्या दाराच्या फळ्या पडून होत्या. त्यातून त्याने मला बनवलं. मुलांसाठी म्हणून कडा गोल केल्या, पॉलिशपेपरने इतकं घासलं, की शेवटी स्वतःचा गाल माझ्यावरून फिरवून कुठे लाकडाचं कुसळ तर राहिलं नाही ना ते पाहिलं. एवढं सगळं केलं आणि एक पाय मात्र जरासा आखूड ठेवला. मी डुगडुगते असं कोणी म्हटलं की तो म्हणतो, फरशीच वाकडी आहे. तेव्हापासून त्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी आहे, आणि सुताराचा मान राखला गेलाय.

सुरुवातीची वर्षं मला ठरावीक काम नव्हतं. कधी माझ्यावर बाहुल्या झोपत, कधी ओली झबली वाळत. मग एका वर्षी तोंडात आणि तळहातांवर फोड येणारी साथ आली. एका आईने मुलाला ताप आहे हे ठाऊक असून त्याला आणून सोडलं होतं. आठवड्याभरात सगळं पाळणाघर घरी बसलं, ताईसुद्धा. परत आल्यावर ताईंनी दोन नियम केले. एक, बरं नसलेलं मूल घरचं माणूस येईपर्यंत इतर मुलांपासून दूर, या निळ्या खाटेवर राहील. दोन, ज्या घरचे ताप लपवून मूल आणतील, त्या मुलाची जागा जाईल. असं मला काम मिळालं. माझ्यावर गुळगुळीत रेक्झिनची गादी आली, जी मावशी रोज साबणाच्या पाण्याने पुसतात.

मावशी म्हणजे ताईंच्या मदतनीस. सकाळी फाटकाशी त्या उभ्या असतात. आलेल्या प्रत्येक मुलाच्या मानेला हाताची उलटी बाजू लावतात आणि मग त्याला आत घेतात. 'माझा हात म्हणजे काही यंत्र नाही,' असं त्याच म्हणतात, पण ताईंचं यंत्र बॅटरीअभावी कपाटात असल्यामुळे हातावरच काम भागतं.

पाळणाघरात आजारपण कसं फिरतं ते मी जवळून पाहिलंय. तिथे एक लाल रबरी कडं आहे. दात येणारं प्रत्येक मूल ते चावतं, आणि आपलं चावून झालं की मोठ्या मनाने शेजाऱ्याच्या तोंडात कोंबतं. बाकी कोणत्याही वस्तूवरून हाणामारी करणारी ही मंडळी त्या कड्याच्या बाबतीत मात्र कर्णाचे अवतार. सोमवारी एकाला शिंका येतात, शुक्रवारपर्यंत सगळ्यांची नाकं वाहतात.

मला लोक फारसे पाहत नाहीत. घाईघाईने येतात, मूल उचलतात, जातात. कौतुक केलंच तर ते मुलांनी. निळ्या खाटेवर झोपलं की आई लवकर येते, एवढं त्यांना बरोबर कळतं. राणीसरकार नावाने ओळखली जाणारी एक तीन वर्षांची पोरगी तर कधीमधी आपणहून येऊन माझ्यावर पडायची, पोटावर हात ठेवायची आणि डोळे घट्ट मिटायची. मावशी तिला रागवत नसत. 'पोट दुखतंय का गं फार? मग आज खेळायला नको हं,' एवढंच म्हणत. जरा वेळाने राणीसरकार बऱ्या होऊन निघून जात.

आता ज्याच्यासाठी हे सगळं सांगायला बसले तो गुंड्या. खरं नाव लांबलचक होतं, पण मावशींनी पहिल्याच दिवशी त्याला गुंड्या म्हटलं आणि तेच चिकटलं. तो आला तेव्हा नुकता बसायला लागला होता. त्याची आई कवळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात लागली होती. मेण, प्लास्टर आणि खोटे दात यांत तिचा दिवस जाई. नोकरी अजून कच्ची होती. मोठे कारागीर तिच्या हातचं काम तपासणार आणि मग तिला पक्कं करणार, असं ठरलेलं होतं. त्याचे बाबा शहरातली बस चालवत. त्यांची पाळी पहाटेची. उजाडायच्या आत घर सोडायचे.

तुम्ही म्हणाल, खाटेला हे कसं कळलं? सोपं आहे. आजारी मुलाजवळ बसलेली माणसं बोलतात. मुलाशी बोलतात, फोनवर बोलतात, आणि कोणीच नसलं तर स्वतःशी बोलतात. मी खाली असतेच.

गुंड्याला पहिल्याच आठवड्यात सर्दी झाली. ती जाते न जाते तोच कान दुखायला लागला. मग पोट बिघडलं. मग डोळे आले. तो माझ्या इतका ओळखीचा झाला, की मावशी त्याला आणताना म्हणायच्या, 'चला, आले पाहुणे.' दर वेळी धापा टाकत कोणीतरी यायचं. बाबा आले तर त्यांच्या अंगावर गणवेश असायचा, आई आली तर तिच्या नखांत पांढरं प्लास्टर. आईच्या फोनवर परगावच्या आजींचा, म्हणजे तिच्या सासूबाईंचा, आवाज मी ऐकलाय. 'इतकं तान्हं पोर पाळणाघरात टाकल्यावर दुसरं काय होणार?' फोन ठेवल्यावर गुंड्याचं नाक पुसता पुसता आईने स्वतःचंही पुसलं.

मुलांच्या डॉक्टरीणबाई मात्र वेगळं बोलल्या होत्या. ते तिने ताईंना माझ्याजवळच बसून सांगितलं. 'त्या म्हणाल्या, चार मुलांत गेलेल्या बहुतेक मुलांचं पहिलं वर्ष असंच जातं. शरीर एकेका आजाराशी ओळख करून घेतं. तुमचं काही चुकत नाही, म्हणाल्या. पाणी पाजा, हात धुवा, आणि जागरणाची पाळी लावून घ्या.'

'मग? बरं वाटलं ना ऐकून?' ताईंनी विचारलं.

'वाटलं हो. पण आमच्या कारखान्यातल्या साहेबांना कोण सांगणार? माझी सुट्टी संपली. ह्याच्या बाबांचीही संपलीय. आता गुंड्याला ताप आला की आमच्या घरात आधी भांडण येतं.'

ताईंनी तिला पाणी दिलं. त्या मनाने चांगल्या होत्या, पण नियमाला पक्क्या.

आणि मग तो दिवस आला. कारखान्यात मोठे कारागीर त्याच दिवशी तिचं काम तपासणार होते.

त्या दिवशी सकाळी गुंड्या फाटकातून आत आला तो जरा मलूल होता. रडला नाही, हसलाही नाही. मावशींनी मानेला हात लावला, क्षणभर तसाच ठेवला, आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि 'जा बाई तू, उशीर होईल,' म्हणून त्याला कडेवर घेतलं. खिडकीतून मला एवढंच दिसलं. आई वळून न पाहता झपाझप निघून गेली.

दुपारी मुलांना झोपवायच्या वेळी मावशी त्याला घेऊन धावतच आतल्या खोलीत आल्या. त्याला माझ्यावर ठेवलं आणि गादीमधून माझ्या फळ्यांना त्याचा चटका जाणवला. पुष्कळ मुलं माझ्यावर तापली आहेत, पण असं अंग फार थोड्यांचं. तो रडत नव्हता, नुसता कण्हत होता. मला त्याचं भय वाटलं, मित्रांनो. लाकडाला भय वाटत नाही असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर विश्वास ठेवू नका.

ताईंनी आईला फोन लावला. कवळ्यांच्या कारखान्यात बारीक धूळ उडते, म्हणून सगळ्यांचे फोन बाहेरच्या कपाटात बंद असतात. फोन वाजत राहिला. बाबांना लावला, तर ते बस चालवत होते. त्यांनी तो घेतला नाही हे योग्यच झालं. शेवटी ताईंनी कारखान्याच्या कचेरीत निरोप ठेवला.

प्रत्येक मुलाची तापाच्या गुलाबी औषधाची बाटली ताईंच्या कपाटात असते. घरच्यांना यायला वेळ लागणार असेल तर एक चमचा द्यायची परवानगी त्यांनी आधीच दिलेली असते. पण त्याआधी घरच्यांना विचारायचं, हा ताईंचा रिवाज. त्या दिवशी विचारायला कोणी सापडेना. अंग तर भाजत होतं. ताईंनी चमचा भरला.

'थांबा ताई,' मावशी म्हणाल्या. 'नका देऊ.'

'का?'

मावशींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. 'सकाळी ह्याची मान घामाने ओली होती. ताप उतरताना येतो ना, तसा घाम. घरून औषध देऊन आणलंय, असं मला वाटलं होतं.'

'आणि तुम्ही आत घेतलंत?'

'त्या पोरीचं तोंड बघितलं हो. आज तिची परीक्षा होती. वाटलं, निभेल एक दिवस.'

ताईंनी चमचा बाजूला ठेवला. मावशींनी कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याची घडी करून गुंड्याच्या कपाळावर आणि पोटावर फिरवायला घेतली. ताई पुन्हा पुन्हा फोन लावत राहिल्या. तितक्यात बाबांचाच उलटा फोन आला. बस शेवटच्या थांब्यावर पोचली होती. ताईंनी फोन माझ्या कडेवर ठेवून मोठ्या आवाजावर केला.

'गुंड्याला फार ताप आहे. खरं सांगा, सकाळी काही औषध दिलं होतं?'

बाबा म्हणाले, 'दिलं होतं ताई. मी निघालो तेव्हा अंग गरम लागलं. ती झोपली होती, तिला उठवलं नाही. तिला काही माहीत नाही. तिला बोलू नका प्लीज, चूक माझी आहे.'

ताईंनी मनाशी हिशेब केला. पहाटेचं औषध, आता दुपार. मधे पुरेसा वेळ गेला होता. 'मग आता एक चमचा द्यायला हरकत नाही,' त्या म्हणाल्या आणि त्यांनी चमचा पुन्हा उचलला. मावशींनी गुंड्याचं डोकं वर धरलं. मीही जमेल तेवढी स्थिर उभी राहिले.

फाटक जोरात आपटलं. कारखान्यातला निरोप पोचला होता. आई चपलांसकट आत आली. अंगावर कामाचा डगला होता, केसांत पांढरी भुकटी. दारात ती थबकली, कारण तिला चमचा दिसला.

आता तिच्यापुढे काय होतं ते नीट ऐका. फोन तिने ऐकला नव्हता. मावशी बोलल्या हेही तिला ठाऊक नव्हतं. म्हणजे तिच्या समजुतीने या खोलीत कोणाला काही कळलेलं नव्हतं. गप्प राहिली असती तर पाळणाघरातली जागा शाबूत होती, आणि जागा राहिली तरच नोकरी राहणार होती. बोलली तर दुसरा नियम लागू होणार होता. चमचा गुंड्याच्या ओठांना टेकला.

'नका देऊ!' ती ओरडली. 'मी दिलंय! सकाळी निघताना मीच दिलंय!'

चमचा कलंडला. गुलाबी औषध माझ्या गादीवर सांडलं आणि कडेवरून खाली ओघळलं. फोन अजून चालूच होता. त्यातून बाबांचा आवाज आला, 'काय? तूसुद्धा?'

'तूसुद्धा म्हणजे?'

'अगं, मी पहाटे दिलं होतं.'

'मग सांगायचंस ना मला!'

'तू सांगितलंस?'

बाबांना वाटलं होतं, ताप आहे म्हटलं तर ती सुट्टी काढायला सांगेल. तिला वाटलं होतं, ताप आहे म्हटलं तर तो आजची परीक्षा सोडायला सांगेल. दोघांनी एकाच बाटलीतून, एकाच चमच्याने औषध दिलं, चमचा धुऊन जागेवर ठेवला आणि एकमेकांना ताकास तूर लागू दिली नाही. तिसऱ्या मावशी. तिघांचाही गुंड्यावर जीव होता, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण त्या जिवापायी तिघांनी एकेक गोष्ट पोटात ठेवली, आणि सगळं जाऊन पडणार होतं त्या एवढ्याशा पोटात.

'नियम माहीत होता ना तुम्हाला?' ताईंनी विचारलं.

'होता. जागा काढा हवं तर. पण आधी डॉक्टरांना फोन लावा.'

ताईंनी लावला. डॉक्टरीणबाईंनी गुंड्याचं वजन विचारलं, औषध किती आणि कधी गेलं ते विचारलं. मग म्हणाल्या, 'घाबरू नका, पण आता अजिबात देऊ नका. आणखी एक चमचा गेला असता तर मी त्याला थेट इस्पितळात पाठवलं असतं. पाणी पाजत राहा आणि लगेच घेऊन या.' आईने गुंड्याला उचललं. ताई स्वतः रिक्षापर्यंत बरोबर गेल्या. नियम, राग, सगळं फाटकाच्या आत ठेवून गेल्या.

संध्याकाळी मुलं गेल्यावर ताई माझ्यावर येऊन बसल्या. एवढं वजन मला झेपत नाही, मी कुरकुरले, पण त्यांचं लक्ष नव्हतं. गुंड्या बरा होता. कानाचं दुखणं उलटलं होतं, एवढंच. मावशी सांडलेलं औषध पुसत होत्या. चिकट डाग जात नव्हता.

'मलाच काढा कामावरून,' मावशी म्हणाल्या. 'त्या पोराची जागा नका काढू.'

'कोणालाच काढत नाही मी,' ताई म्हणाल्या. 'मावशी, ती आज बोलली. जागा जाणार हे माहीत असून बोलली. आता मी तिची जागा काढली, तर उद्या दुसरी आई चमचा दिसला तरी गप्प बसेल. माझ्याच नियमाला भिऊन.'

दुसऱ्या दिवसापासून फाटकाशी नवी पद्धत सुरू झाली. तापलेलं मूल आजही आत घेत नाहीत, ते तसंच आहे. पण आता मावशी मानेला हात लावण्याआधी विचारतात, 'घरून काय दिलंय? कधी दिलंय?' आणि उत्तर काहीही आलं तरी रागवायचं नाही, ही ताईंची ताकीद. यंत्रात नवी बॅटरी पडली. लाल कडं रोज संध्याकाळी गरम पाण्यात जायला लागलं. आजवर ते कोणालाच सुचलं नव्हतं, याचं मात्र मला नवल वाटतं.

सगळं गोड झालं असं समजू नका. गुंड्याच्या आईचं तपासायचं काम त्या दिवशी अर्धवट राहिलं. तिच्याबरोबरच्या दोघी पक्क्या झाल्या, ती राहिली. तिला आणखी काही महिने वाट पाहायला सांगितलं. हे ती ताईंना सांगताना रडली नाही, पण बराच वेळ बोटांतलं प्लास्टर खरवडत बसली. बाबांनी एका सोबत्याशी बदली करून दुपारची पाळी घेतली. आता सकाळी ते घरी असतात आणि दुपारी ती लवकर सुटण्याची परवानगी मागते. कधी मिळते, कधी नाही. घरात त्यांनी एकच नियम केलाय. औषध ज्याने दिलं त्याने दुसऱ्याला सांगायचं, झोपेतून उठवावं लागलं तरी. 'परवा ह्याने मला उठवून सांगितलं, की औषध दिलेलं नाही,' असं ती हसत म्हणाली.

मित्रांनो, मी आता म्हातारी झाले आहे. माझी एक फळी सैल झालीय आणि गुलाबी डागाच्या जागी रंग उडालाय. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. अंग दुखत असलं, गरम वाटत असलं, तर सांगा. शाळा बुडेल, सहल चुकेल, घरात कोणाला त्रास होईल म्हणून लपवू नका. आणि कोणी तुम्हाला असं काही सांगितलं, तर आधी रागवू नका. रागावलेल्या माणसाला पुढच्या वेळी कोणी काही सांगत नाही.

बाकी गुंड्याचं म्हणाल, तर थोड्याच दिवसांत त्याला पुन्हा ताप आला. यायचाच होता, डॉक्टरीणबाईंनी सांगूनच ठेवलं होतं. त्या सकाळी मी खिडकीतून पाहिलं, तर आई एकटीच फाटकाशी उभी. मावशी विचारायच्या आतच ती म्हणाली, 'गुंड्याला ताप आहे. बाबा घरी आहेत त्याच्याजवळ. काल तो राणीसरकारच्या शेजारी झोपला होता, म्हणून सांगायला आले. तिच्याकडे जरा लक्ष ठेवा.' एवढं सांगून ती कामाला गेली. मावशींनी राणीसरकारच्या मानेला हात लावला, ती थंडगार होती. त्या दिवशी माझ्यावर कोणीच झोपलं नाही.